खोडदची दुर्बीण आणि ग्राफिक्स कार्डं: जीएमआरटीच्या कोरिलेटरचा प्रकरण अभ्यास

सेकंदाला ५१२० कोटी नमुने. पुण्याच्या उत्तरेला साधारण ८० किलोमीटरवर, जुन्नर तालुक्यातल्या खोडदजवळ उभ्या असलेल्या जीएमआरटी (जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप) या रेडिओ दुर्बिणीला नवा साज चढवायचं ठरलं, तेव्हा तिच्या संगणकांपुढे एवढं काम येणार होतं. प्रत्येक नमुना, म्हणजे संकेताचं एका क्षणाचं मोजमाप, फक्त ४ बिटांचा धरला तरी हा ओघ सेकंदाला २५.६ गिगाबाइट होतो आणि दिवसाला जवळपास २.२ पेटाबाइट. इतका डेटा साठवून ठेवून सवडीने गणितं करणं शक्यच नव्हतं. अँटेनांकडून आकडे येतील त्याच वेगाने त्यांचा हिशेब संपला पाहिजे, नाहीतर तो डेटा कायमचा गेला.

हा हिशेब शेवटी ग्राफिक्स कार्डांवर सोपवला गेला. चित्रं रंगवण्यासाठी जन्मलेला प्रोसेसर, म्हणजे जीपीयू, विज्ञानाच्या गणिताला जुंपल्याची उदाहरणं आता ढिगाने आहेत. तरी मला हेच प्रकरण अभ्यासायला सर्वांत चांगलं वाटतं, कारण इथली गरज कागदावर पेन्सिलीने मोजता येते आणि जीपीयू नेमका कुठे उपयोगी पडतो, कुठे अडतो, ते आकड्यांतच दिसतं.

दुर्बीण आणि तिची गरज

प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून आणि टीआयएफआरच्या (टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या) पुण्यातल्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राच्या, म्हणजे एनसीआरएच्या, मेहनतीतून ही दुर्बीण उभी राहिली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्यांतल्या १४ मध्यभागी एकमेकींजवळ, तर बाकीच्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराच्या तीन भुजांवर. सर्वांत दूरच्या दोन तबकड्यांमधलं अंतर २५ किलोमीटरच्या आसपास. भरीव पत्र्याऐवजी दोरांवर ताणलेली तारेची जाळी वापरल्याने इतक्या मोठ्या तबकड्या आपल्याकडच्या खर्चात बसल्या.

मूळ यंत्रणा एका वेळी ३२ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा ऐकत असे. आकाशातून येणारे रेडिओ संकेत विलक्षण क्षीण असतात. दुर्बिणीची संवेदनशीलता वाढवायची तर एकतर तबकड्या वाढवा, नाहीतर जास्त रुंद पट्टा ऐका. पट्टा ३२ वरून ४०० मेगाहर्ट्झ केला की संवेदनशीलता रुंदीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात, म्हणजे साधारण साडेतीन पट वाढते. तोच फायदा जुन्या पट्ट्यात मिळवायचा तर प्रत्येक निरीक्षणाला साडेबारा पट वेळ द्यावा लागेल. नव्या तबकड्या उभारण्यापेक्षा रिसीव्हर आणि संगणक बदलणं शहाणपणाचं होतं. २०१० नंतरच्या दशकात हे काम टप्प्याटप्प्याने झालं. त्यातून जी दुर्बीण तयार झाली तिला यूजीएमआरटी (अपग्रेडेड जीएमआरटी) म्हणतात आणि तिच्यातल्या रुंद पट्ट्याच्या गणनयंत्रणेला जीडब्ल्यूबी (जीएमआरटी वाइडबँड बॅकएंड).

कोरिलेटर काय करतो

अशा दुर्बिणीत एकेका तबकडीचं चित्र नसतंच. प्रत्येक जोडीचे संकेत एकमेकांशी गुणून, त्या गुणाकारांची बेरीज घेत राहायची. अशा शेकडो जोड्यांच्या बेरजांमधून आकाशाचं चित्र नंतर गणिताने बांधायचं. हे गुणाकार करणाऱ्या यंत्रणेला कोरिलेटर म्हणतात. तबकड्या, म्हणजे अँटेना, ३० असल्या तरी जीएमआरटीचा कोरिलेटर ३२ अँटेनांसाठी आखलेला आहे. प्रत्येक अँटेना दोन ध्रुवीकरणांचे (तरंगाच्या कंपनाच्या दोन प्रकारांचे) दोन संकेत देते, म्हणजे एकूण ६४ प्रवाह. ४०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी प्रत्येक प्रवाहाचे सेकंदाला ८० कोटी नमुने घ्यावे लागतात. ६४ गुणिले ८० कोटी केलं की वरचे ५१२० कोटी येतात.

क्रम असा. आधी प्रत्येक प्रवाहाचा वेळेतला उशीर दुरुस्त करायचा, कारण एकच तरंग २५ किलोमीटरवरच्या अँटेनाला ८३ मायक्रोसेकंदांपर्यंत उशिरा गाठू शकतो आणि पृथ्वी फिरते तसा हा उशीर सतत बदलत असतो. मग फूरिए रूपांतर करून पट्ट्याचे हजारो बारीक चॅनेल पाडायचे. उशिराचा नमुन्याहून लहान राहिलेला भाग चॅनेलच्या कलेत (फेजमध्ये) दुरुस्त करायचा. शेवटी प्रत्येक चॅनेलमध्ये प्रत्येक जोडीचा गुणाकार करून साठवत जायचं.

आता पेन्सिल घेऊ. ६४ प्रवाहांच्या, स्वतःशी होणाऱ्या जोड्या धरून, २०८० जोड्या होतात. रूपांतरानंतर आकडे संमिश्र (कॉम्प्लेक्स), म्हणजे दोन भागांचे, होतात; एका संमिश्र गुणाकाराला आणि बेरजेला मिळून ८ क्रिया लागतात, आणि ८० कोटी नमुन्यांच्या ४० कोटी संमिश्र संख्या होत असल्याने हे सेकंदाला ४० कोटी वेळा करायचं. उत्तर येतं ६.६५ टेराफ्लॉप्सच्या आसपास (एक टेराफ्लॉप्स म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी क्रिया). ४०९६ नमुन्यांचं फूरिए रूपांतर धरलं तर दर नमुन्यामागे सुमारे ३० क्रिया, म्हणजे आणखी दीड टेराफ्लॉप्स. कला दुरुस्त करायला लागणाऱ्या क्रिया या मानाने किरकोळ. सगळं मिळून आठ ते साडेआठ टेराफ्लॉप्स, अखंड, निरीक्षण चालू असेपर्यंत.

पर्याय कोणते होते

जीएमआरटीचा पहिला कोरिलेटर खास घडवलेल्या चिपांवर आणि हार्डवेअर बोर्डांवर चालत असे. त्यात बदल करायचा म्हणजे बोर्डच बदलायचा. २०१० च्या सुमारास एनसीआरएच्या गटाने साध्या लिनक्स संगणकांच्या समूहावर चालणारा सॉफ्टवेअर कोरिलेटर तयार केला, जीएसबी (जीएमआरटी सॉफ्टवेअर बॅकएंड) नावाचा. ३२ अँटेना, ३३ मेगाहर्ट्झ, दोन्ही ध्रुवीकरणं, सगळं प्रत्यक्ष वेळेत. माझ्या मते या प्रकरणातला निर्णायक टप्पा हाच, जीपीयू त्यानंतरचा. कोरिलेटर हा सी भाषेतला प्रोग्राम असू शकतो आणि दुर्बिणीचेच लोक तो लिहू, तपासू, बदलू शकतात, हे जीएसबीने खोडदमध्ये सिद्ध केलं.

पण जीएसबी बारा पट वाढवणं परवडणारं नव्हतं. त्या काळातल्या सर्व्हर प्रोसेसरची कागदावरची कमाल क्षमता काहीशे गिगाफ्लॉप्स होती आणि प्रत्यक्षात हाती त्याहून बरीच कमी येई. यंत्रांच्या रांगाच रांगा, त्यांची वीज, त्यांना थंड ठेवणं. शिवाय दुर्बिणीजवळचा संगणक स्वतःच रेडिओ गोंगाट करतो. म्हणून ही यंत्रं धातूच्या आवरणाने बंदिस्त केलेल्या खोलीत ठेवावी लागतात, आणि बंद खोलीतला प्रत्येक वॅट पुन्हा बाहेर काढावा लागतो. सगळं काम एफपीजीए चिपांवर, म्हणजे आतली जोडणी हव्या त्या कामासाठी बदलता येणाऱ्या चिपांवर, करणं विजेच्या दृष्टीने उत्तम ठरलं असतं. मात्र एफपीजीएचा आराखडा बदलायला महिने लागतात आणि ते काम जाणणारी माणसं मोजकी असतात.

इथे जीपीयू आला. २००७ च्या आधी ग्राफिक्स कार्डाकडून विज्ञानाचं गणित करून घ्यायचं तर आकड्यांना चित्राचे रंग असल्याचं भासवावं लागे. त्या वर्षी एनव्हिडियाने कूडा आणलं आणि सी भाषेसारख्या कोडमध्ये सरळ गणित लिहिता येऊ लागलं. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ या वाटेला फार लवकर लागले. ऑस्ट्रेलियातल्या मर्चिसन वाइडफील्ड अ‍ॅरेच्या ३२ अँटेनांच्या नमुना यंत्रणेसाठी जीपीयूवरचा कोरिलेटर २००९ मध्येच प्रसिद्ध झाला होता. नेदरलँड्समधल्या लोफारने पुढे आपला कोरिलेटर आयबीएमच्या ब्लू जीन महासंगणकावरून जीपीयूंच्या समूहावर हलवला. जीएमआरटीच्या गटाने मेलबर्नच्या स्विनबर्न विद्यापीठाच्या आणि एनव्हिडियाच्या सहकार्याने आपला कोड उभा केला, आणि मिश्र रचना निवडली: नमुने घेणं व नेटवर्कवर पाठवायला डेटाची पाकिटं बांधणं एफपीजीएकडे, गणित जीपीयूकडे. कार्डं एनव्हिडियाच्या टेस्ला के४० पिढीची.

वेग कुठे अडतो

के४० च्या माहितीपत्रकात सिंगल प्रिसिजनची (३२ बिटांच्या संख्यांच्या गणिताची) कमाल क्षमता ४.२९ टेराफ्लॉप्स लिहिलेली आहे. आपल्याला हवेत साडेआठ. मग दोन कार्डांत काम व्हायला हवं? नाही होत. जीपीयूवर पहिल्यांदा कोड लिहिणारे बहुतेक जण इथेच अडखळतात, म्हणून इथे थोडं थांबतो.

त्याच माहितीपत्रकात दुसरा आकडा आहे: मेमरीतून सेकंदाला २८८ गिगाबाइट. ४२९० ला २८८ ने भागलं तर सुमारे १५ येतात. म्हणजे मेमरीतून आणलेल्या प्रत्येक बाइटवर किमान १५ क्रिया झाल्या तरच गणित करणारे २८८० कोअर पूर्ण कामात राहतील. कमी झाल्या, तर कोअर डेटाची वाट पाहत बसणार.

जोड्यांचा गुणाकार सरळसोट लिहिला तर काय होतं? प्रत्येक जोडीसाठी दोन संमिश्र संख्या आणायच्या, म्हणजे १६ बाइट, आणि क्रिया करायच्या ८. बाइटमागे अर्धी क्रिया. कार्डातून निघतात फक्त १४४ गिगाफ्लॉप्स, क्षमतेच्या साडेतीन टक्क्यांहूनही थोडे कमी. या दराने नुसत्या गुणाकारांनाच ४६ कार्डं लागतील. मीठ, साखर, चहा प्रत्येकासाठी वेगळा हेलपाटा मारत बाजारात जावं, तशी ही कोडची रीत.

उपाय असा, की एक थ्रेड (कार्डावर समांतर चालणाऱ्या हजारो कामांपैकी एक) एकच जोडी न करता जोड्यांचा चौकोन करतो. दोन अँटेना एका बाजूला, दोन दुसऱ्या बाजूला: आणल्या चार संख्या, झाल्या चार जोड्या, बाइटमागे एक क्रिया. ८ बाय ८ च्या चौकोनात बाइटमागे चार. आणखी मोठे चौकोन थ्रेडच्या गटाने मिळून करायचे, आणलेल्या संख्या कोअरशेजारच्या सामायिक मेमरीत ठेवायच्या आणि साठत जाणाऱ्या बेरजा रजिस्टरमधून, म्हणजे कोअरच्या अगदी हाताशी असलेल्या चिमुकल्या साठ्यातून, हलवायच्याच नाहीत. ६४ प्रवाहांतली प्रत्येक संख्या एकदाच आणता आली तर बाइटमागे ३२ हून अधिक क्रिया मिळतात, म्हणजे गरजेच्या दुप्पट. या पद्धतीने लिहिलेल्या एक्सजीपीयू या खुल्या कोडने त्या काळच्या फर्मी पिढीच्या कार्डावर कमाल क्षमतेच्या ७९ टक्क्यांपर्यंत मजल मारली होती. गणित तेच, कार्ड तेच. फरक पडला तो आकडे किती वेळा उचलले यातून.

फूरिए रूपांतराला मात्र ही सवलत नाही. तिथे नमुन्यामागे ३० क्रिया आहेत, पण नमुना वाचून निकाल परत लिहायलाच साधारण ८ बाइट हलतात. बाइटमागे पावणेचार क्रिया. कितीही कुशलतेने लिहिलं तरी कार्ड हजारएक गिगाफ्लॉप्सवर थांबतं, आणि एनव्हिडियाची तयार लायब्ररी वापरली तरी ही मर्यादा हटत नाही. म्हणून गंमत अशी होते, की क्रिया मोजल्या तर रूपांतर हे गुणाकारांच्या चौथाईहूनही कमी काम दिसतं, पण घड्याळ लावलं तर दोन्हींना जवळपास सारखा वेळ लागायला हवा. टेराफ्लॉप्सवर भाळून कार्ड निवडणाऱ्या प्रत्येकाने हा हिशेब एकदा स्वतःच्या हाताने करून पाहावा, असं मला मनापासून वाटतं.

कोरिलेटरच्या बाबतीत एक गोष्ट जीपीयूच्या पथ्यावर पडली: नमुने मुळातच ४ किंवा ८ बिटांचे. डबल प्रिसिजनची, म्हणजे ६४ बिटांच्या संख्यांची, गरजच नाही. हवामानाच्या प्रारूपात किंवा रेणूंच्या गणितात जिथे ती लागते, तिथे हीच कार्डं इतकी स्वस्तात पडत नाहीत.

कार्डापर्यंतचा रस्ता

मेमरीच्या अलीकडे नेटवर्क आहे. एका अँटेनाचे दोन प्रवाह, प्रत्येकी ८० कोटी नमुने, ४ बिट: सेकंदाला ६.४ गिगाबिट. १० गिगाबिटच्या इथरनेट तारेत हे बसतं. ८ बिट ठेवले तर १२.८ होतात, आणि बसत नाही. यूजीएमआरटीत ४०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याला ४ बिट आणि २०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याला ८ बिट असं जे आहे, ते या तारेकडे पाहिलं की समजतं. २०० मेगाहर्ट्झला ८ बिट म्हणजे पुन्हा ६.४ च. निरीक्षणाचा प्रस्ताव लिहिणाऱ्याला ही निवड करावी लागते, आणि जिथे आसपासचा मानवी गोंगाट जोरदार आहे तिथे ८ बिटांचा मोकळेपणा फार कामाला येतो. ४ बिटांत फक्त १६ पायऱ्या असतात.

पुढची अडचण याहून अवघड. प्रत्येक यंत्राकडे काही मोजक्या अँटेनांचा डेटा येतो, पण जोड्या करायला सगळ्या अँटेनांचा डेटा एके ठिकाणी हवा. जीएसबीतून आलेली युक्ती इथेही वापरली: काळाचे तुकडे करायचे. एका तुकड्यातला सर्व अँटेनांचा डेटा पहिल्या यंत्राकडे, पुढच्या तुकड्यातला दुसऱ्याकडे, याप्रमाणे. एका तुकड्याच्या हिशेबाला दुसऱ्याची गरज पडत नाही, त्यामुळे नंतर यंत्रांना एकमेकांशी बोलावं लागत नाही. पण वाटणीच्या वेळी जवळजवळ सगळा डेटा एका यंत्रातून दुसऱ्यात जातो. १६ यंत्रं धरली तर १६ तले १५ भाग. त्यासाठी यंत्रांना जोडणारं इन्फिनिबँडचं वेगळं वेगवान जाळं आहे. डेटा घेणं, वाटणं आणि कार्डावर गणित करणं या तिन्ही गोष्टी एकाच वेळी, तीन वेगवेगळ्या तुकड्यांवर चालू ठेवाव्या लागतात. त्यातली एक जरी मागे पडली तरी पाकिटं गळायला लागतात.

एक काम मुद्दाम एफपीजीएकडेच राहिलं. विजेच्या तारांवरच्या ठिणग्यांमुळे क्षणिक, पण पट्टाभर पसरणारा गोंगाट होतो. तो ओळखून काढायचा तर फूरिए रूपांतराच्या आधी, नमुन्यांच्या पातळीवर. एकदा रूपांतर झालं की एका क्षणाची घाण सर्व चॅनेलमध्ये पसरते. एनसीआरएच्या अभियंत्यांनी ही गाळणी थेट नमुने घेणाऱ्या चिपांत बसवली. जीपीयू हाती आला म्हणून सगळंच त्याच्याकडे ढकललं नाही, हे मला या रचनेतलं सर्वांत परिपक्व लक्षण वाटतं.

बदलता येण्याचं मोल

आता पल्सारकडे, म्हणजे वेगाने फिरत ठरावीक लयीत रेडिओ स्पंद पाठवणाऱ्या मृत ताऱ्यांकडे. पल्सारचा स्पंद तारकांमधल्या इलेक्ट्रॉनांमधून येताना कमी वारंवारतेला जास्त रेंगाळतो. विक्षेपण-मान (वाटेतल्या इलेक्ट्रॉनांचं एकूण प्रमाण सांगणारा आकडा) १०० असलेल्या पल्सारचा स्पंद ५०० मेगाहर्ट्झला पोचल्यावर ३०० मेगाहर्ट्झला पोचायला जवळपास तीन सेकंद घेतो. चॅनेल पाडून प्रत्येकाचा उशीर वजा करणं ही जुनी रीत. पण २०० मेगाहर्ट्झचे ५१२ चॅनेल पाडले तरी ३०० मेगाहर्ट्झजवळच्या एका चॅनेलच्या आतच स्पंद १२ मिलिसेकंद फासला जातो. काही मिलिसेकंदांत एक फेरी घेणाऱ्या पल्सारचा त्यात मागमूस उरत नाही.

अचूक उपाय म्हणजे बेरीज करण्याआधीच्या मूळ संकेतावर अवकाशाने केलेल्या बदलाच्या नेमकं उलट गणित करणं. त्यासाठी लांबलचक फूरिए रूपांतरं लागतात. किशलय दे आणि यशवंत गुप्ता यांनी २०१६ मध्ये जीएमआरटीसाठी हे प्रत्यक्ष वेळेत करणारी जीपीयू यंत्रणा प्रसिद्ध केली. जुन्या कोरिलेटरमध्ये अशी सोय जोडायची तर नवे बोर्ड घडवावे लागले असते. इथे ते काम सॉफ्टवेअरमध्ये झालं.

याचं फळ २९ जून २०२३ ला जगाने पाहिलं. पल्सारांचे स्पंद वर्षानुवर्षं घड्याळासारखे मोजून सापडलेल्या, विश्वात भरून राहिलेल्या नॅनोहर्ट्झ गुरुत्वीय लहरींच्या खुणा त्या दिवशी अनेक गटांनी एकत्र जाहीर केल्या. युरोपीय गटाच्या २५ पल्सारांच्या संचात १० पल्सारांसाठी भारतीय पल्सार टायमिंग अ‍ॅरेची यूजीएमआरटीवरची निरीक्षणं जोडलेली होती. इलेक्ट्रॉनांमुळे होणारा उशीर कमी वारंवारतेला मोठा असल्याने तो तिथेच सर्वांत नेमका मोजता येतो, आणि खोडदच्या तबकड्यांचं बळ त्याच वारंवारतांत आहे. त्याआधी २०२० मध्ये सुमारे ८०० कोटी वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांमधल्या अणुरूप हायड्रोजनचं सरासरी वस्तुमान पहिल्यांदा मोजलं गेलं, तेही ५५० ते ८५० मेगाहर्ट्झच्या रुंद पट्ट्यामुळे.

जे अजून सुटलेलं नाही

दुर्बीण दशकानुदशकं चालते. ग्राफिक्स कार्डाची पिढी तितकी जगत नाही. के४० बाजारात आलं २०१३ च्या अखेरीस. २०२२ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या कूडा १२ ने त्या केप्लर पिढीचा आधार काढून घेतला. कार्ड चालू असतं, पण नवी साधनं त्याच्यासाठी मिळत नाहीत. जुना ड्रायव्हर, त्यासाठी जुनी लिनक्स आवृत्ती, अशी साखळी तयार होते. आणि कूडात लिहिलेला कोड एकाच कंपनीच्या कार्डांना बांधलेला असतो. कॅनडाच्या चाइम दुर्बिणीने एएमडीची कार्डं घेऊन दुसरी वाट धरली, पण बांधिलकी तिथेही वेगळ्या नावाने आहेच. वर सांगितलेले चौकोनांचे आकार, रजिस्टरांचा हिशेब, सगळं कार्डाच्या पिढीबरोबर पुन्हा जुळवावं लागतं. नेदरलँड्सच्या जॉन रोमाइन यांनी २०२१ मध्ये कोरिलेटर टेन्सर कोअरवर बसवून दाखवला. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी बनवलेले हे घटक कमी बिटांच्या गुणाकारांत फार वेगवान आहेत आणि कोरिलेटरला नेमकं तेच हवं असतं. पण त्याचा फायदा घ्यायला गाभ्याचा कोड नव्याने लिहावा लागतो. संस्थांच्या अंदाजपत्रकात कार्डांची किंमत दिसते. तो कोड पुन्हा लिहिणाऱ्या अभियंत्यांची वर्षं मात्र क्वचितच दिसतात, आणि माझ्या मते खरी तरतूद त्यांचीच करायला हवी.

२६ सप्टेंबर २०२४ रोजी राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनमधून सी-डॅकने घडवलेल्या तीन परम रुद्र महासंगणकांचं लोकार्पण झालं. त्यांतला पुण्याच्या वाट्याचा संगणक जीएमआरटीसाठी आहे. दुर्बीण दुसऱ्या कुणाच्या कामात गुंतलेली असतानाच तिच्या प्रवाहातून मिलिसेकंदभर चमकून जाणारे वेगवान रेडिओ स्फोट आणि नवे पल्सार शोधायचे, असा स्पॉटलाइट नावाचा प्रकल्प त्यावर उभा राहतो आहे. तिथे एकाऐवजी कितीतरी बीम, म्हणजे आकाशातल्या वेगवेगळ्या दिशांचे संकेत, एकाच वेळी तपासायचे आहेत आणि प्रत्येक बीमसाठी पुष्कळ विक्षेपण-मानं. हिशेब मोठा आहे, पण पहिला प्रश्न तोच राहतो: मेमरीतून आणलेल्या एका बाइटवर किती क्रिया होणार.